ओपन सोर्स प्रकल्पाची कंपनी करताना: मालकी, महसूल, परवाना आणि पुढचे टप्पे

ओपन सोर्स (म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो अशा) सॉफ्टवेअरवर कंपनी उभी करू पाहणारे बहुतेक जण एकाच बाबतीत चुकतात, आणि ती बाब म्हणजे कामांचा क्रम. ते आधी कोड खुला करतात, परवाना (कोड कोणत्या अटींवर वापरता येईल ते सांगणारा मजकूर) दुसऱ्या कुठल्यातरी प्रकल्पाचा पाहून जोडतात, लोक वापरू लागले की पैसे कशाचे घ्यायचे याचा विचार सुरू करतात आणि गुंतवणूकदाराच्या वकिलाने विचारल्यावर कोडची मालकी तपासायला बसतात. योग्य क्रम जवळजवळ याच्या उलट आहे: आधी मालकी, मग महसुलाचा मार्ग, मग परवाना, आणि कोड सार्वजनिक करणे त्यानंतर. क्रमाला एवढे महत्त्व द्यायचे कारण असे, की यातले काही निर्णय मागे घेता येत नाहीत. एखादी आवृत्ती एमआयटी या सैल परवान्याखाली एकदा प्रसिद्ध झाली, की ज्यांनी ती घेतली त्यांच्याकडे ती त्याच परवान्याखाली राहते. पुढच्या आवृत्तीचा परवाना तुम्ही बदलू शकता. दिलेली आवृत्ती परत मागू शकत नाही.

ज्यांचा प्रकल्प आधीच सार्वजनिक आहे, त्यांनीही पहिल्या टप्प्यापासूनच सुरुवात करावी. कायद्याचे तपशील देशागणिक बदलतात, म्हणून करारांचा अंतिम मसुदा आपल्या देशातल्या वकिलाकडून तपासून घ्यावा. वकिलाकडे जाण्याआधीची तयारी मात्र सगळीकडे सारखीच असते, आणि या लेखाचा भर त्या तयारीवर आहे.

## टप्पा १: कोड कोणाचा आहे ते कागदावर आणा

परवाना देण्याचा अधिकार हक्कधारकालाच असतो. कंपनीकडे कोडचे हक्क आलेले नसतील, तर तिने दिलेला परवाना, केलेली विक्री आणि गुंतवणूकदाराला दिलेली हमी हे सगळेच अधांतरी राहते. सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते खुद्द संस्थापकांच्या कोडकडे. कंपनीची नोंदणी होण्याआधी लिहिलेला कोड संस्थापकांच्या वैयक्तिक मालकीचा असतो आणि नोंदणी झाली म्हणून तो आपोआप कंपनीकडे जात नाही. संस्थापकांपैकी एक जण वर्षभरात बाहेर पडला आणि त्याने हस्तांतरणाच्या करारावर सही केलेली नसली, तर उत्पादनाचा गाभा कंपनीबाहेरच्या माणसाच्या हाती राहतो. म्हणून संस्थापकांचे करार सर्वांत आधी करावेत, आणि संबंध चांगले असतानाच करावेत.

पुढचे काम असे करावे. गिटच्या (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या) इतिहासातून सर्व लेखकांची यादी काढावी. गिटची शॉर्टलॉग ही आज्ञा त्यासाठी पुरेशी आहे. एकाच माणसाचे दोन-तीन ईमेल पत्ते आढळले, तर ते मेलमॅप फाइल लिहून आधी एकत्र करावेत. मग प्रत्येक लेखकापुढे पाच रकाने भरावेत: कोणत्या काळात लिहिले, कोणता भाग लिहिला, त्या काळात नोकरी किंवा शिक्षण कुठे चालू होते, मोबदला कोणी दिला, आणि हक्क कोणत्या कागदाने कंपनीकडे आले. शेवटचा रकाना जिथे रिकामा राहील तिथे काम बाकी आहे.

हे रकाने भरताना काही गोष्टी हमखास निसटतात. नोकरीत असताना संध्याकाळी लिहिलेला कोडही काही नोकरीकरारांनुसार मालकाचा ठरू शकतो, विशेषतः तो मालकाच्या व्यवसायाशी संबंधित असेल किंवा मालकाच्या लॅपटॉपवर लिहिलेला असेल. जुन्या मालकाकडून लेखी ना-हरकत घेणे हाच यावरचा खात्रीचा उपाय आहे. फ्रीलान्सरला पूर्ण मोबदला दिला म्हणजे हक्क आले असे बहुतेक देशांत होत नाही. लेखी हस्तांतरण लागते. विद्यापीठाच्या निधीतून झालेल्या कामावर विद्यापीठाचे धोरण लागू असते. स्टॅक ओव्हरफ्लोवरून उचललेले लांब तुकडे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश व समान-वाटप अटींखाली येतात, तेव्हा असे तुकडे शोधून स्वतः नव्याने लिहिणे सोपे पडते.

तपासणी: यादीतील प्रत्येक नावापुढे सही केलेल्या कागदाचा दुवा आहे का? ज्याचा पत्ताच लागत नाही अशा लेखकाचा कोड वेगळा काढून नव्याने लिहिला आहे का? दोन्हींचे उत्तर होकारार्थी येईपर्यंत पुढे जाऊ नये.

## टप्पा २: परक्या कोडची यादी करा

हे काम यंत्र करते, म्हणून ते थोडक्यात. स्कॅनकोडसारखे साधन चालवून थेट वापरलेल्या आणि त्यांच्यामागून आलेल्या अशा सर्व लायब्ररींची (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या संचांची) परवान्यांसह यादी तयार करावी आणि ती एसपीडीएक्स किंवा सायक्लोनडीएक्स या अशा याद्यांच्या रूढ स्वरूपात जतन करावी. मोठे ग्राहक पुढे हीच यादी मागतात.

यादीत तीन गोष्टी डोळ्यांखालून घालाव्यात. परवानाच नसलेली लायब्ररी वापरू नये, कारण परवाना नसणे म्हणजे सर्व हक्क राखीव असणे. फक्त जीपीएलच्या (वाटलेला प्रोग्रॅम खुलाच ठेवायला लावणाऱ्या परवान्याच्या) दुसऱ्या आवृत्तीखाली दिलेला कोड आणि अपाचे २.० या सैल परवान्याखालचा कोड एकाच प्रोग्रॅममध्ये जोडून वाटता येत नाही, असे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे मत आहे. तिसऱ्या आवृत्तीशी मात्र अपाचे २.० जुळते. आणि फॉन्ट, आयकॉन, नमुना डेटा यांनाही परवाने असतात, जे कोड तपासणाऱ्या साधनाच्या नजरेतून सुटू शकतात.

## टप्पा ३: पैसे कोण देणार आणि कशाचे, हे परवान्याआधी ठरवा

इथे वेळ द्यावा. परवाना हे महसुलाच्या मार्गाचे साधन आहे, आणि मार्ग ठरलेला नसताना साधन निवडणारे पुढे ते बदलायला निघतात.

व्यवहारात टिकलेले मार्ग मोजकेच आहेत. पहिला मार्ग सबस्क्रिप्शनचा: कोड खुला असतो आणि तपासलेल्या आवृत्त्या, दीर्घकाळ मिळणाऱ्या दुरुस्त्या व मदत यांचे पैसे घेतले जातात. लिनक्स प्रणाली विकणारी रेड हॅट या मार्गाने मोठी झाली आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती सुमारे ३,४०० कोटी डॉलरना घेतली. दुसरा मार्ग दुहेरी परवान्याचा: कोड जीपीएलखाली फुकट, आणि ज्याला आपले उत्पादन खुले करायचे नाही त्याला व्यापारी परवाना विकत. मायएसक्यूएल या डेटाबेसने हा मार्ग रुळवला. तिसरा मार्ग ओपन कोअरचा: गाभा खुला आणि वरचे काही भाग सशुल्क, जसे कोड सांभाळण्याचे सॉफ्टवेअर बनवणारी गिटलॅब करते. चौथा मार्ग स्वतः चालवून दिलेल्या सेवेचा, जसे मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीचे अ‍ॅटलास.

आपल्याला कोणता लागू पडतो, हे उत्पादनाच्या स्वभावावरून ठरते. दुसऱ्याच्या उत्पादनात मिसळून जाणारी लायब्ररी असेल, तर दुहेरी परवाना चालतो, कारण तिथे ग्राहकाला परवान्याचीच अडचण असते. स्वतंत्रपणे चालणारा सर्व्हर असेल, तर तो चालवण्याची कटकट दुसऱ्याने घ्यावी असे ग्राहकाला वाटते, आणि चालवून दिलेली सेवा विकली जाते. केवळ मदतीवर उभे राहण्याची आशा नव्या कंपनीने बाळगू नये असे माझे स्पष्ट मत आहे. उत्पादन जितके सुबक होते तितकी मदतीची गरज घटते, आणि मग उत्पादन सुधारणे व उत्पन्न वाढवणे ही दोन कामे एकमेकांविरुद्ध उभी राहतात. रेड हॅटला हे साधले, कारण तिचे ग्राहक वर्षानुवर्षे न बदलणारी आणि इतर विक्रेत्यांनी प्रमाणित केलेली प्रणाली विकत घेत होते. अडल्यावर फोन करण्याची सोय ही त्यातली एक बाजू होती.

ओपन कोअर निवडला, तर खुल्या आणि सशुल्क भागांमधली रेषा कुठे ओढायची हा सर्वांत अवघड प्रश्न येतो. समजा, तुमचे उत्पादन डेटाबेसचा बॅकअप घेणारे साधन आहे. प्रत्येक वैशिष्ट्यापुढे एकच प्रश्न लिहावा: याची गरज सर्वांत आधी कोणाला भासते, साधन वापरणाऱ्या अभियंत्याला की त्याच्या वरिष्ठाला? बॅकअप घेणे, तो परत उतरवणे, वेळापत्रक लावणे, फाइल कूटबद्ध करणे ही अभियंत्याची गरज आहे, तेव्हा ती खुल्या भागात जाते. कोणी कधी कोणता बॅकअप उतरवला याची लेखापरीक्षणाला चालेल अशी नोंद, संस्थेच्या एकाच लॉगिनने प्रवेश, दहा विभागांना वेगवेगळी धोरणे लावणे ही वरिष्ठाची गरज आहे, आणि खर्च मंजूर करण्याचा अधिकारही त्याचाच असतो. गिटलॅबने आपल्या किमतींचे स्तर ठरवताना हाच निकष जाहीरपणे वापरला आहे.

या उदाहरणात कूटबद्धीकरण सशुल्क ठेवण्याचा मोह होईल. तो टाळावा. ज्या साधनात सुरक्षितपणे काम करण्यासाठी पैसे मोजावे लागतात, ते साधन अभियंता आपल्या संस्थेत आणत नाही, आणि अभियंत्याने आणल्याशिवाय ते वरिष्ठापर्यंत पोचत नाही.

इशारा: एकदा खुल्या भागात दिलेले वैशिष्ट्य पुढे सशुल्क भागात हलवू नये. उलट दिशेने, म्हणजे सशुल्क वैशिष्ट्य काही काळाने खुले करणे, केव्हाही चालते. सुरक्षेच्या दुरुस्त्या दोन्ही भागांना एकाच दिवशी मिळाल्या पाहिजेत.

## टप्पा ४: परवाना निवडा

ओपन सोर्सची व्याख्या सांभाळणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने मान्य केलेल्या परवान्यांपैकीच एक घ्यावा आणि त्याच्या मजकुराला हात लावू नये. “फक्त बिगर-व्यापारी वापरासाठी” अशी ओळ जोडली की परवाना ओपन सोर्स राहत नाही, कारण या संस्थेच्या व्याख्येतले सहावे कलम कोणत्याही कार्यक्षेत्राविरुद्ध भेदभाव करायला मनाई करते.

एमआयटी आणि अपाचे २.० हे सैल परवाने आहेत. कोड बंद उत्पादनातही घालता येतो. दोहोंत निवड करायची तर कंपनीने अपाचे २.० घ्यावा, कारण त्यात पेटंटचा परवाना स्पष्ट शब्दांत आहे आणि ट्रेडमार्क वापरण्याची परवानगी दिलेली नाही हेही लिहिलेले आहे. एमपीएल २.० मध्ये खुले ठेवण्याची अट फाइलपुरती असते. जीपीएलमध्ये ती वाटप केलेल्या संपूर्ण प्रोग्रॅमला लागते. एजीपीएलमध्ये याच्याही पुढे जाऊन, बदललेला प्रोग्रॅम नेटवर्कवरून दुसऱ्यांना वापरायला दिला तरी त्या बदललेल्या आवृत्तीचा सोर्स कोड वापरकर्त्यांना उपलब्ध करावा लागतो.

एजीपीएलबद्दलचा एक गैरसमज महागात पडतो. अनेकांना वाटते की या परवान्यामुळे मोठ्या क्लाउड कंपन्या आपले सॉफ्टवेअर सेवा म्हणून विकू शकणार नाहीत. प्रत्यक्षात त्या विकू शकतात. त्यांनी केलेले बदल खुले केले की अट पूर्ण होते. मोंगोडीबीला हे पुरेसे वाटले नाही, म्हणून २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तिने एजीपीएल सोडून एसएसपीएल हा स्वतःचा परवाना आणला, ज्यात सेवा देणाऱ्याला ती सेवा चालवण्यासाठी लागणारे व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअरही खुले करावे लागते. ओपन सोर्स इनिशिएटिव्हची मान्यता त्याला मिळाली नाही आणि फेडोरा या लिनक्स प्रणालीच्या प्रकल्पाने तो मुक्त परवान्यांत धरला नाही. दुसऱ्या बाजूला हेही ध्यानात ठेवावे, की काही मोठ्या कंपन्या एजीपीएलचा कोड आतच येऊ देत नाहीत. गूगलच्या जाहीर धोरणात तशी मनाई आहे. तुमचे ग्राहक अशाच कंपन्या असतील, तर एजीपीएलसोबत व्यापारी परवान्याचा पर्याय पहिल्या दिवसापासून तयार असावा लागतो.

बॅकअपच्या साधनाचेच उदाहरण पुढे नेले, तर मी सर्व्हर एजीपीएलखाली देईन आणि ग्राहकाच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये जोडली जाणारी क्लायंट लायब्ररी अपाचे २.० खाली देईन. क्लायंट लायब्ररीला कडक परवाना लावला, तर ग्राहकाचा वकील पहिल्याच बैठकीत थांबवतो, आणि त्यातून मिळत काहीच नाही.

आता परवाना मध्येच बदलण्याविषयी. इलास्टिकने २०२१ मध्ये अपाचे २.० सोडला आणि अ‍ॅमेझॉनने जुन्या कोडवरून ओपनसर्च हा फोर्क, म्हणजे त्याच कोडवरचा वेगळा प्रकल्प, काढला. हॅशीकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये एमपीएल २.० सोडून बीएसएल (ठरावीक काळ वापरावर बंधन घालणारा परवाना) घेतला आणि तिच्या टेराफॉर्म या साधनाचा ओपनटोफू हा फोर्क त्याच वर्षी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला. रेडिसने मार्च २०२४ मध्ये बीएसडी हा सैल परवाना सोडला आणि त्याच महिन्यात व्हॅल्की हा फोर्क जाहीर झाला. पुढे इलास्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएलचा, म्हणजे पुन्हा एका ओपन सोर्स परवान्याचा, पर्याय उपलब्ध करून दिला, पण फोर्क आपापल्या वाटेने चालूच राहिले. या कंपन्यांकडे परवाना बदलण्याचा कायदेशीर अधिकार होता. तरीही सैल परवान्याच्या भरवशावर ज्यांनी आपले काम त्या कोडवर उभे केले होते, त्यांना पायाखालची जमीन सरकल्यासारखे वाटले, आणि ज्यांच्याकडे मनुष्यबळ होते ते जुना कोड घेऊन निघाले.

म्हणून स्पर्धकांवर बंधन घालणारी अट हवीच असेल, तर ती पहिल्या दिवशी घालावी आणि उघड सांगावी. बीएसएलमध्ये प्रत्येक आवृत्ती जास्तीत जास्त चार वर्षांनी जीपीएलशी जुळणाऱ्या परवान्याखाली येते. हा प्रामाणिक करार आहे. फक्त त्या उत्पादनाला ओपन सोर्स म्हणू नये. सोर्स कोड पाहता येतो असे म्हणावे.

तपासणी: या प्रश्नाचे उत्तर लेखी लिहून सर्व संस्थापकांनी त्यावर सही करावी: “उद्या एका मोठ्या कंपनीने आपलाच कोड, आपल्यापेक्षा स्वस्तात, सेवा म्हणून विकायला काढला, तर आपण काय करू?” उत्तरात “परवाना बदलू” असे आले, तर आज निवडलेला परवाना चुकीचा आहे.

## टप्पा ५: बाहेरच्या योगदानाची अट ठरवा

पहिला परका पुल रिक्वेस्ट (बाहेरच्याने पाठवलेला कोडमधला बदल) स्वीकारण्याआधी हे ठरले पाहिजे. दोन पद्धती रूढ आहेत. डीसीओ (डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन), जी २००४ मध्ये लिनक्स कर्नलसाठी सुरू झाली, तिच्यात योगदान देणारा प्रत्येक कमिटखाली (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाखाली) स्वाक्षरीची ओळ टाकून सांगतो की हा कोड या परवान्याखाली देण्याचा अधिकार मला आहे. सीएलए (कॉन्ट्रिब्युटर लायसन्स अॅग्रीमेंट) हा स्वतंत्र करार असतो आणि त्यात कंपनीला त्या कोडचा अधिक व्यापक परवाना मिळतो.

कोणती घ्यावी हे चौथ्या टप्प्यातल्या निवडीवर अवलंबून आहे, आणि इथे बरेच जण नाहक गोंधळतात. तुमचा परवाना सैल असेल, तर डीसीओखाली आलेला कोडही सशुल्क उत्पादनात घालण्याची मुभा त्या परवान्यातच आहे. गिटलॅबने २०१७ मध्ये सीएलए सोडून डीसीओ घेतला, आणि तिचा खुला भाग एमआयटीखाली आहे. परवाना जीपीएल किंवा एजीपीएल असेल आणि तुम्ही व्यापारी परवाना विकणार असाल, तर मात्र सीएलए अपरिहार्य आहे, कारण परक्याने एजीपीएलखाली दिलेल्या ओळी दुसऱ्या परवान्याखाली विकण्याचा अधिकार तुम्हाला नसतो.

हा अधिकार नंतर गोळा करणे किती कष्टाचे असते, हे व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या प्रकल्पाने दाखवले. २०११-१२ च्या सुमारास त्याच्या इंजिनाचा परवाना जीपीएलवरून एलजीपीएल या त्याहून सैल परवान्यावर नेताना जुन्या लेखकांना एकेक करून गाठावे लागले आणि प्रत्येकाची संमती मिळवावी लागली.

इशारा: योगदान देणारा कुठेतरी नोकरीला असेल, तर त्याच्या एकट्याच्या सहीवर भागत नाही. त्याच्या मालकासाठी सीएलएचा वेगळा मसुदा तयार ठेवावा.

## टप्पा ६: नाव सांभाळा

कोड कोणीही घेऊ शकतो. नाव मात्र तुमचेच राहते. नाव जाहीर करण्याआधी सॉफ्टवेअरच्या संदर्भात ट्रेडमार्कच्या वर्ग ९ आणि वर्ग ४२ मध्ये शोध घ्यावा, आणि नोंदणी कंपनीच्या नावाने करावी, संस्थापकाच्या नव्हे. डोमेन आणि पॅकेज रजिस्ट्रीवरची नावेही त्याच दिवशी घ्यावीत. बदललेल्या आवृत्तीला कोणी तुमचे नाव वापरावे आणि कोणी वापरू नये, याचे एका पानाचे धोरण लिहावे.

प्रकल्प पुढे एखाद्या फाउंडेशनला देण्याचा विचार असेल, तर प्रकल्पाचे आणि कंपनीचे नाव वेगळे ठेवावे, कारण फाउंडेशन प्रकल्पाचा ट्रेडमार्क स्वतःकडे मागते. काफ्का या प्रकल्पाभोवती कॉन्फ्लुएंट आणि स्पार्क या प्रकल्पाभोवती डेटाब्रिक्स अशी कंपन्यांची नावे त्यामुळेच सोयीची ठरतात. तसा विचार नसेल, तर एकच नाव ठेवण्यात प्रसिद्धीचा फायदा आहे.

## टप्पा ७: रेपॉझिटरी खुली करण्याआधीची सफाई

रेपॉझिटरी, म्हणजे कोड आणि त्यातल्या बदलांचा साठा, खुली होताच कोडचा संपूर्ण इतिहास खुला होतो, आणि लोक इथेच फसतात. पासवर्ड असलेली फाइल नव्या कमिटने पुसली, तरी जुन्या कमिटमध्ये ती जशीच्या तशी असते. पासवर्ड आणि सेवांच्या प्रवेश-किल्ल्या शोधणाऱ्या गिटलीक्ससारख्या साधनाने पूर्ण इतिहास तपासावा. किल्ली सापडली, तर आधी ती सेवेकडे जाऊन रद्द करावी आणि नंतरच गिट फिल्टर-रेपो या साधनाने इतिहास नव्याने लिहावा. उलट क्रमाने केले, तर मधल्या काळात कुठल्यातरी प्रतीत ती किल्ली जिवंत राहते. सगळा इतिहास टाकून एकाच कमिटने सुरुवात करण्याचा मार्ग सोपा आहे, पण मग पहिल्या टप्प्यातला लेखकांचा पुरावा जपण्यासाठी जुनी रेपॉझिटरी खाजगीत सुरक्षित ठेवावी लागते. टिप्पण्यांत, चाचण्यांच्या डेटात आणि जुन्या इश्यूंत (नोंदवलेल्या तक्रारींत) ग्राहकांची नावे नाहीत ना, हे माणसाने वाचून पाहावे. हे साधनाला कळत नाही.

नंतर परवान्याचा पूर्ण मजकूर मुख्य फोल्डरमध्ये ठेवावा, प्रत्येक फाइलच्या माथ्यावर परवान्याचे नाव सांगणारी एसपीडीएक्सची एक ओळ घालावी, आणि सुरक्षेची त्रुटी खाजगीत कुठे कळवायची हे सांगणारी फाइल जोडावी.

तपासणी: संघाबाहेरच्या एका अभियंत्याला रिकामे यंत्र देऊन फक्त रीडमी (प्रकल्पाची ओळख आणि वापर सांगणारी फाइल) वाचून सॉफ्टवेअर चालवायला सांगावे, आणि त्याच्या शेजारी गप्प बसावे. तो जिथे अडून तुमच्याकडे पाहील, तिथे रीडमीत एक वाक्य कमी आहे. कंपनीच्या आतल्या पॅकेज सर्व्हरवर अवलंबून असलेला बिल्डही (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवण्याची प्रक्रिया) याच वेळी उघडा पडतो.

## टप्पा ८: पहिली विक्री

पहिला ग्राहक बहुधा असे म्हणतो: “उत्पादन चांगले आहे, पण आमच्यासाठी एवढे एक वैशिष्ट्य करून द्या.” पैशांची गरज असल्याने होकार दिला जातो. एखादे काम असे घ्यायला हरकत नाही, पण करारात तीन गोष्टी असाव्यात: लिहिलेल्या कोडचे हक्क कंपनीकडे राहतील, तो खुल्या भागात प्रसिद्ध करण्यास ग्राहकाची हरकत नसेल, आणि पुढच्या देखभालीचे वेगळे पैसे लागतील. अशा कामांतून येणारे उत्पन्न सबस्क्रिप्शनच्या उत्पन्नापेक्षा सतत जास्त राहू लागले, तर उत्पादन मागे पडत आहे हे ओळखावे आणि नवे काम घेणे थांबवावे.

मदतीच्या करारात शब्द जपून वापरावेत. प्रतिसादाची वेळ कबूल करावी, दुरुस्तीची वेळ कधीही कबूल करू नये. कलम साधारण असे असावे: “उत्पादन पूर्णपणे बंद पडल्यास कंपनी कामाच्या वेळेत दोन तासांच्या आत अभियंत्यामार्फत प्रतिसाद देईल आणि दोष दूर होईपर्यंत किंवा पर्यायी उपाय सापडेपर्यंत काम चालू ठेवील. ही सेवा शेवटच्या दोन मुख्य आवृत्त्यांनाच लागू राहील.” आवृत्तीविषयीचे वाक्य गाळले, तर पाच वर्षांपूर्वीच्या आवृत्तीची जबाबदारी तुमच्यावर येते. ओपन सोर्स परवान्यात कोणतीही हमी नाकारलेली असते, पण सशुल्क करारामुळे नवी जबाबदारी निर्माण होते. तिची कमाल मर्यादा, बहुधा वर्षभरात मिळालेल्या शुल्काएवढी, लिहून ठेवावी.

इशारा: परवाना-किल्ली (पैसे भरलेल्या ग्राहकाला दिलेला संकेतांक) तपासणारा कोड खुल्या भागात ठेवण्यात अर्थ नाही. तो काढून टाकण्याचा हक्क तुमच्याच परवान्याने सर्वांना दिलेला असतो. किल्ली सशुल्क भागातच असावी.

## टप्पा ९: सुरक्षेची घडी

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीतली त्रुटी उघड झाली, तेव्हा असंख्य संस्थांना ती लायब्ररी आपल्याकडे नेमकी कुठे आहे हेच शोधत बसावे लागले. दुसऱ्या टप्प्यात केलेली यादी प्रत्येक आवृत्तीबरोबर आपोआप नव्याने तयार होत असेल, तर हा शोध काही मिनिटांचा होतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या साधनात सापडलेला मागचा दरवाजा (गुप्तपणे आत शिरण्याची वाट) तर हळूहळू विश्वास कमावून देखभालीचे अधिकार मिळवलेल्या खात्यानेच घातला होता. म्हणून प्रकाशनाच्या किल्ल्या एकाच्या हाती ठेवू नयेत आणि मुख्य शाखेत जाणारा प्रत्येक बदल दुसऱ्या माणसाने वाचलेला असावा, संस्थापकाचा बदल असला तरी.

युरोपीय संघात ग्राहक असतील किंवा होणार असतील, तर तिथला डिजिटल उत्पादनांच्या सुरक्षेचा कायदा, म्हणजे सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्ट आत्ताच वाचावा. तो १० डिसेंबर २०२४ पासून अमलात आहे. प्रत्यक्ष गैरवापर होत असलेल्या त्रुटी कळवण्याचे उत्पादकांवरचे बंधन ११ सप्टेंबर २०२६ पासून आणि बाकीची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात. व्यापारी हेतूशिवाय दिलेल्या ओपन सोर्सला त्यातून सवलत आहे, पण त्याच कोडवर पैसे घेणारी कंपनी उत्पादक ठरते, आणि हा फरक अनेक संस्थापकांच्या लक्षातच आलेला नसतो.

## टप्पा १०: गुंतवणूकदारासमोर जाताना

वरचे टप्पे क्रमाने केले असतील, तर नवे काम फारसे उरत नाही. लेखकांचा तक्ता व करार, लायब्ररींची यादी, परवान्याविषयीचे सही केलेले उत्तर, सीएलएची नोंद, ट्रेडमार्कची कागदपत्रे आणि ग्राहकांचे करार एका फोल्डरमध्ये ठेवावेत आणि दर आवृत्तीला ते अद्ययावत करावेत.

सादरीकरणात गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर पसंती म्हणून मिळालेल्या स्टारांची संख्या पुढे करू नये. स्टार देणारा माणूस सॉफ्टवेअर चालवतोच असे नाही. त्याऐवजी तीन महिन्यांहून अधिक काळ चालू असलेल्या स्थापना किती, त्यांपैकी किती संस्थांनी स्वतःहून संपर्क साधला आणि त्यांतल्या किती पैसे देऊ लागल्या, हे तीन आकडे सांगावेत. स्थापना मोजण्यासाठी सॉफ्टवेअर माहिती पाठवत असेल, तर काय पाठवले जाते ते रीडमीत लिहावे आणि वापरकर्त्याने होकार दिल्याशिवाय पाठवणे सुरू करू नये. हा आकडा त्यामुळे लहान येईल. लहानच सांगावा, आणि तो कसा मोजला हेही शेजारी लिहावे.